दोन पट्ट्या कमी

४ जून

भिंगरे,

तुझं पत्र आलं! आमच्या पोस्टमनचे गुडघे धरलेले, तो कधी जिना चढत नाही. खालून पुकारा करतो आणि आम्ही वरून टोपली सोडतो. काल तो स्वतः वर आला. म्हणाला, "आजी, तुमच्या नावाचं आहे, म्हटलं हातात द्यावं." मी त्याला चहा दिला, तो संपायच्या आत दुसरा दिला. तुझी आई म्हणाली, "सासूबाई, आता त्याला घरीच ठेवून घ्या."

अगं, सहा वर्षं! सहा वर्षांत मी दोन चष्मे बदलले आणि एक दात उरवला. चष्मा शोधण्याइतका धीर नव्हता, म्हणून पाकीट तुझ्या आईनंच उघडलं, तिनंच मोठ्यानं वाचलं. दोन ओळी वाचून म्हणाली, "हे पत्र कुठलं, ही तर प्रश्नपत्रिका." खरंच गं. "आदरणीय महोदया, आपल्या भागातील नदीचा भूगोल व इतिहास यासंबंधी आपणांस असलेली माहिती कळवावी." महोदया! या महोदयेनं तुझी दुपटी धुतली आहेत, नदीच्या पायऱ्यांवर, रोजची आठ. अकरा प्रश्न, आकडे घालून, आणि महिनाअखेरीच्या आत उत्तरं. खाली पेनानं लिहिलंस, "हे कचेरीचं काम आहे. वैयक्तिक काही नाही." ती ओळ मी पाच वेळा वाचली. पेनानं लिहिलीस ना, मला तेवढं पुरे.

तर तू आता नद्या मोजणाऱ्या कचेरीत आहेस आणि आपल्या नदीचा अहवाल तुझ्याकडे आला आहे. इथं जुन्या पात्राच्या मैदानावर नवी शाळा बांधायची, तिची जमीन किती उंच घ्यायची ते त्या अहवालावरून ठरणार. हे तुझ्या बापानं मला समजावून सांगितलं. तो वर्तमानपत्रामागे तोंड लपवून सांगत होता, पण पान उलटत नव्हता. त्यालाही आनंद झालाय, दाखवत नाही एवढंच.

मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेव्हा माझ्या ऱ्हस्वदीर्घाला हसू नकोस. तुझी आई म्हणते मी लिहून देते, पण मी म्हटलं, माझ्या नावानं आलंय, मीच लिहिणार.

प्रश्न पहिला, उगम. उगम म्हणण्यासारखं आपल्या नदीला काही नाही. डोंगरावरून उड्या मारत येणाऱ्या नद्या वेगळ्या, त्यांचे फोटो काढतात. आपली पाझरते. लग्न झाल्यावर तुझ्या आजोबांनी मला मुद्दाम उगम दाखवायला नेलं होतं. नवीन नवरा बायकोला कुठं नेतो आणि यांनी कुठं नेलं! दीड दिवस चाललो. दुसऱ्या दिवशी दुपारी लव्हाळ्यात थांबून म्हणाले, "हाच." मी म्हटलं, "कुठाय?" म्हणाले, "तू उभी आहेस तो." खाली बघते तर घोट्यापर्यंत पाय ओले.

प्रश्न दुसरा, उतार. उतार नाहीच. त्या दलदलीपासून मोठ्या नदीला मिळेपर्यंत आपली नदी दोन माड्यांइतकीसुद्धा खाली येत नाही, असं हे सांगायचे. उन्हाळ्यात ती कुठल्या बाजूला वाहते हे नवख्या माणसाला कळत नाही. एकदा माझी चप्पल पाण्यात पडली आणि वाऱ्यानं चक्क उलटी निघाली, पुलाकडून वर. हे काठाकाठानं तिच्या मागे चालत होते आणि म्हणत होते, "माहेरी निघाली बघ."

प्रश्न तिसरा, वळणं. मी आले तेव्हा सात होती. विटांचं वळण, धोब्यांचं वळण, मडकी बुडाली ते मडक्यांचं, आणि म्हातारीचं. ती म्हातारी कोण, कुणालाच माहीत नव्हतं. आता सगळ्यांना मीच वाटते. बाकीची तीन खोदकामात गेली, त्यांची नावं उद्या आठवून लिहिते.

नववा प्रश्न, नदीची पातळी कधी एकदम बदलली का, मागाहून. तो जरा लांब आहे.

पोटभर जेव. कचेरीच्या डब्यात काय नेतेस ते लिही, ते अकरा प्रश्नांत नाही म्हणून लिहिणार नाहीस, पण लिही.

तुझी आनंदानं वेडी झालेली,
आजी


८ जून

भिंगरे,

प्रश्न चौथा ते आठवा एका दमात लिहिते, कारण आज घरात कुणी नाही आणि टेबल मोकळं आहे.

मी इथं आले त्याच्या दुसऱ्या वर्षी नदी सरळ करायचं निघालं. वळणांमुळे पाणी तुंबतं, सरळ केली की झटकन निघून जाईल, असं कुणातरी साहेबाच्या मनात आलं. मोठ्या तराफ्यावरून यंत्र आलं, त्याला बादल्यांची माळ. आम्ही बाया धुणं टाकून बघत बसायचो. दोन उन्हाळ्यांत तीन वळणं कापली. नदीला म्हणजे अगदी इस्त्री केली. आणि जुनं पात्र बाजूला तसंच पडून राहिलं, दोन्हीकडून तोंड बांधलेलं.

आधी त्यात जलपर्णी आली, मग बेडूक. मग वीटभट्टीवाल्यांनी तुकडे टाकायला सुरुवात केली, मग घरं पाडणाऱ्यांनी राडारोडा. दहा वर्षांत जमीन दिसायला लागली. जमीन दिसली की माणूस खुंटी मारतो. अर्ध्या भागावर खालची आळी उभी राहिली, उरलेल्या अर्ध्याचं मैदान झालं, तेच आता शाळेचं. ह्या आळीची एक गंमत होती. नदी अजून वरून निवांत दिसायची, तोवर तिथल्या फरश्यांना घाम सुटायचा. बायका म्हणायच्या, फरशी पुसून पुसून हात दुखले, म्हणजे पाऊस वर पडलाय. पाणी नव्या पात्रातून दिसायच्या आधी जुन्या पात्रातून खालून यायचं.

पहिल्या घरात शिवणवाल्या मावशी. त्यांच्याबद्दल तू विचारलेलं नाहीस आणि मी लिहिणार नव्हते. तू त्यांच्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचीस. दुपारी तुला हाक मारली तर म्हणायचीस, "मी माझ्या घरी आहे." तुझी आई नोकरीवर, मी नदीवर, तुला खरं तर त्यांनीच वाढवलं.

प्रश्न सातवा, खांब. तू लहानपणी पाहिला आहेस, पण कचेरीला पाहिजे म्हणून लिहिते. पुलाजवळ पाण्यात लाकडी खांब, त्याच्यावर एक काळी एक पांढरी अशा पट्ट्या, प्रत्येक पट्टी माझ्या वितीएवढी. खालून एक ते चाळीस आकडे. तिसावी पट्टी लाल. पाणी लाल पट्टीला टेकलं की खालची आळी रिकामी करायची, हा नियम. आजोबांची नोकरी एवढीच, रोज सकाळी सात वाजता पाणी कितव्या पट्टीला आहे ते बघून वहीत लिहायचं आणि महिन्याला वही कचेरीत पाठवायची. लोक म्हणायचे, काय मजेची नोकरी, पाण्याकडे बघायचं आणि पगार घ्यायचा. पण चाळीस वर्षांत हे कुणाच्या लग्नाला गावाबाहेर राहिले नाहीत. नदी सुट्टी घेत नाही म्हणायचे.

प्रश्न आठवा, खांब कधी हलला किंवा बदलला का. याचं उत्तर नवव्यात येईल.

नववा मी आज लिहिणार होते. पण तुझा बाप आला, त्याला जेवायला वाढायचं आहे.

जपून राहा.
आजी


१३ जून, सकाळ

भिंगरे,

तुझं दुसरं पत्र मिळालं. यात महोदया नाही, कुणीच नाही, थेट मुद्दा. चार ओळी आहेत, त्या मी पाठ केल्या.

तू लिहितेस की वह्यांमध्ये सतरा वर्षांपूर्वीच्या एका आठवड्यात नदी एकदम दोन पट्ट्या खाली जाते आणि पुढं अकरा वर्षं खालीच राहते. म्हणजे वर कुणीतरी पाणी ओढत असणार. म्हणजे नदी कायमची उतरली, म्हणजे शाळेची जमीन फार उचलायला नको. आणि मग लिहितेस, "आजोबांच्या शेवटच्या नोंदी दृष्टिदोषामुळे विश्वासार्ह नाहीत, असं अहवालात लिहावं लागेल. नवव्या प्रश्नाचं उत्तर तातडीनं हवं."

वर पाणी ओढणारं कोण असेल, मी रात्रभर विचार केला. साबणाचा कारखाना होता, तो बंद पडून जमाना झाला. विटांच्या भट्ट्या होत्या, पण त्या नदीची माती खातात, पाणी नाही पीत. शेतांना पंप लागले असतील, म्हणजे लागलेच असतील, हल्ली कुठं लागत नाहीत, माझ्या भावाकडे तर

दूध उतू गेलं. पुसून आले.


१३ जून, दुपार

नाही गं, पंप नाहीत.

भिंगरे, ते पाणी कुणी ओढलं नाही. नदी उतरली नाही. खांब चढला. मी चढवला.

आता नीट क्रमानं सांगते. तू मधे चिडून पत्र खाली ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच, मग ठेव.

आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. दोन वर्षं त्यांना पट्ट्या दिसत नव्हत्या. मी पायरीवर उभी राहून आकडा सांगायची आणि हे लिहायचे. हा नियमात बसणारा प्रकार नव्हता. ज्याची नोकरी त्यानं स्वतः बघायचं. कचेरीला कळलं असतं तर नोकरी गेली असती, नदीकाठची खोलीही गेली असती. नोंदी मात्र खऱ्या होत्या, माझे डोळे घारीचे. मग एक डॉक्टर मिळाला आणि हे ऑपरेशनला गेले, दोन आठवडे. जाताना म्हणाले, "वहीत अक्षर माझ्यासारखं काढ, सातचं शेपूट लांब."

तिसऱ्याच दिवशी सकाळी मी गेले तर खांब नाही. एक वाळूची होडी दोर सुटून वाहत आली होती आणि खांबाला धडकली होती. खांब आडवा, काठाला अडकलेला. नियम असा की खांबाला धक्का लागला की ताबडतोब कचेरीला कळवायचं. मग ते दुर्बीण घेऊन येतात, पुलाच्या भिंतीतल्या पितळी खुणेवरून मोजून खांब परत बसवतात. पण कचेरीचा माणूस आला असता तर पहिलं विचारलं असतं, हे कुठायत? किती दिवस? मग वहीत कोण लिहितंय?

होडीवाला घाबरला होता, मीही. तो म्हणाला, "वहिनी, आपणच बसवू. पण किती खोल?" आणि माझं डोकं चाललं. ह्या डोक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता गं. मी म्हटलं, काल पाणी चौदाव्या पट्टीला होतं. तर खांब असा ठोक की आजही पाणी चौदाव्या पट्टीला लागेल. झालं. त्यानं दगडांच्या पाचरी मारल्या, लोखंडी पट्टे आवळले. अर्ध्या तासात खांब उभा, चौदा. मी वहीत चौदा लिहिलं. चारचं शेपूटसुद्धा त्यांच्यासारखं.

पण आदल्या रात्री वर पाऊस झाला होता. नदी दोन पट्ट्या चढली होती. त्या सकाळी खरं तर पाणी सोळाला होतं आणि मी त्यालाच चौदा म्हणायला लावलं.

तू म्हणशील, पायऱ्यांवरून कसं कळलं नाही? जलपर्णीचा मोठा तुकडा वाहून येऊन पायऱ्यांवर बसला होता, पायऱ्या दिसतच नव्हत्या. आणि जलपर्णी सुटून येते ती पाणी चढलं म्हणूनच येते, हे मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं नदीवर धुणं धुतलं मी. आठ दिवसांनी जलपर्णी गेली. खाली उतरून बघते तर तिसरी पायरी ओली. तिसरी पायरी चौदाला ओली होते, मी रोज तिथंच बसायची, त्यात चूक होणं शक्य नाही. आणि खांब बारा दाखवत होता.

मी तिथंच बसून राहिले. धुणं तसंच.

तीन दिवसांनी हे परत आले. डोळ्यावरची पट्टी काढून आधी खांबाकडे गेले, घरात चहासुद्धा घेतला नाही. तिथून ओरडून म्हणाले, "अगं, मला सगळ्या पट्ट्या दिसतायत! लाल, लाल दिसतेय!" पुलावरची माणसं थांबून बघत होती. तो माणूस पाण्याकडे बघून हसत होता. तेव्हा मी कसं सांगणार होते? उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग ते रोज सात वाजता इतक्या कौतुकानं, इतक्या बारकाईनं बघायचे आणि लिहायचे की माझं तोंडच उघडलं नाही. चुकीच्या खांबाचे अकरा वर्षं बरोबर आकडे.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही.

सहा वर्षांपूर्वी पुराच्या दिवशी दुपारी शिवणवाल्या मावशी पुलाजवळच्या बंधाऱ्यावर आल्या. हातात टेप तशीच, गळ्यात सुई-दोऱ्याची पिशवी. म्हणाल्या, "भाऊजी, मशीन वर नेऊन ठेवू का? गणवेशाचं काम अर्धं आहे." यांनी खांबाकडे नीट बघितलं, हात कपाळावर धरून. म्हणाले, "अठ्ठावीस आहे वहिनी. तासाला अर्धी पट्टी चढतेय. लालला लागायला चार तास आहेत, सावकाश करा." मी तिथंच होते. माझ्या मनात आलं, अठ्ठावीस म्हणजे तीस. लाल आत्ताच आहे. तोंडातून शब्द निघत होता, खरंच निघत होता. मग वाटलं, चार तास नाही तरी दोन असतील, एवढ्यात काय होतंय. त्या गेल्या. पाणी पुढून आलंच नाही, मागून जुन्या पात्रातून आलं आणि तासाभरात त्यांचं दार आतून उघडेना.

संध्याकाळी तू कॉलेजातून आलीस. सगळ्या आळीसमोर आजोबांना म्हणालीस, "दिसत नव्हतं तर सांगायचं होतंत ना!" ते तुझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या मागे टॉवेल घेऊन उभी होते. तुझा त्यात दोष नाही. कचेरीचे साहेबही तेच म्हणाले. खांब पुरात वाहून गेलेला, तपासायला काही उरलं नव्हतं, म्हातारा मात्र होता.

तू शहरात गेलीस आणि त्यांना पोचवायलासुद्धा आली नाहीस. पण ते जाण्याआधीचे आठ महिने तू पाहिले नाहीस. हे रोज रस्त्यावर उभे राहून समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे. मला विचारायचे, "बरोबर वाचली ना?" मी म्हणायची, "बरोबर." खालचा बारीक फोन नंबरसुद्धा वाचायचे. "बरोबर?" "बरोबर." मग म्हणायचे, "मग त्याच दिवशी कसं चुकलं गं?"

आणि मी त्यांच्या हातात चहा द्यायची.

हे नवव्या प्रश्नाचं उत्तर. आठव्याचंही.

आजी


२१ जून

भिंगरे,

तुझा कागद आला. "तोंडी किंवा पत्रातील माहितीवरून नोंदी बदलता येत नाहीत. स्थानिक कचेरीत लेखी जबाब, एक प्रत्यक्ष पाहणारा माणूस आणि ओळख पटवणारा एक, ३० तारखेच्या आत." पेनानं एक अक्षर नाही. ठीक आहे. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर त्या मी जपून ठेवल्या असत्या, पण ठीक आहे. कागद तरी आला.

तुझ्या बापाला सांगितलं. तो जेवत होता, हात तसाच राहिला. म्हणाला, "आई, आता कशाला उकरतेस? बाबा गेले, मावशी गेल्या. कुणाचं भलं होणार आहे?" मी म्हटलं, "शाळा व्हायची आहे." तो म्हणाला, "लोक तुला काय म्हणतील माहीत आहे?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना म्हणाले तेच म्हणतील, आणखी काय." तो उठून गॅलरीत गेला. मग आत येऊन म्हणाला, "कचेरीत मी येऊ का सोबत?" नको म्हटलं. पण त्यानं विचारलं हे तुला कळावं.

प्रत्यक्ष पाहणारा म्हणजे होडीवाला. तो आता ठार बहिरा आहे, त्याच्याशी गुपित बोलायचं म्हणजे गावाला भोंगा लावून सांगण्यासारखं. म्हणून त्याला धोब्यांच्या वळणापाशी नेलं, तिथं फक्त बदकं असतात. मी ओरडून सगळं सांगितलं. तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "तो खांब? जो आपण चौदाला बसवला?" मी म्हटलं, "हळू!" "काय?" "काही नाही!" मग त्यानं विचारलं, "का, वाकडा झाला होता काय?" भिंगरे, त्याला आजपर्यंत माहीतच नव्हतं. सतरा वर्षं त्याला वाटत होतं की आपण फार हुशारीचं काम केलं. मी सांगितल्यावर तो बदकांकडे बघत बसला. म्हणाला, "मी ठोकला, तर मी येतो."

मग मी सायकलवाल्याकडे गेले. शिवणवाल्या मावशींचा मुलगा गं, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याचं आता पुलाशी सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. कचेरीत कागद गेला की त्याला कळणारच होतं. ते कारकुनाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं.

तो ट्यूबचं पंक्चर शोधत होता. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत. म्हणाला, "काय आजी, चाक कुठंय?"

"चाक नाही. बोलायचंय."

"बोला की. हात चालू राहू दे माझे."

मी सांगितलं. सगळं, बंधाऱ्यावरचंसुद्धा, तोंडात आलेला शब्द गिळला तेही. ट्यूबमधून बुडबुडे येत होते, भोक कुठं आहे ते दिसत होतं, तरी तो ट्यूब पाण्यातच धरून बसला.

मग म्हणाला, "आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यानं ट्यूब खाली ठेवली. "ते रोज इथून जायचे. हाक मारायचे. आठ महिने मी मान वर केली नाही. एकदा इथं उभं राहून त्यांनी मला समोरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. सगळी. मालकाच्या नावासकट. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, आता वाचून काय उपयोग."

त्यानं हात फडक्याला पुसले.

"तुम्ही मला हे का सांगितलंत? मला एका माणसाचा राग होता, बरं चाललं होतं माझं." मग म्हणाला, "जा आजी. आत्ता जा. नाहीतर मी काहीतरी बोलीन आणि तुम्ही म्हाताऱ्या आहात."

मी आले. जिना चढायला मला फार वेळ लागला. तुझी आई टोपली घेऊन खाली येत होती, तिला वाटलं मला चक्कर आली.

ओळख पटवणारा अजून मिळालेला नाही. शेजारचे सगळे एकदम कामात आहेत.

आजी


२६ जून

भिंगरे,

आज जबाब झाला. प्रत सोबत आहे. तुझ्या बापानं पोस्टात जाऊन स्वतः पोच घेतली, म्हणजे ती तीस तारखेच्या आत तुझ्या टेबलावर पडेल. पण तू ती सही-शिक्का बघून फाईलला लावशील, आणि ती कशी लिहिली गेली ते तुला कळायला हवं.

होडीवाल्यानं आपला जबाब अर्ध्या पुलाला ऐकू जाईल असा दिला. मग माझा. कारकून चांगला आहे, पण त्याला सगळं एका साच्यात बसवायची सवय. मला म्हणाला, "वय?"

"लिहा काहीतरी."

"काहीतरी नाही लिहिता येत, आजी."

वयावरच आमची दहा मिनिटं गेली. मग मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. पट्टी, पाचर, तिसरी पायरी, तारीख. पायऱ्या अजून आहेत, तुमच्या माणसाला दुर्बीण घेऊन पाठव, तिसरी पायरी आणि पुलाची पितळी खूण मोजून बघा. चौदा कुठं यायला हवं ते कळेल. हेही लिहून घेतलंय.

वाचून दाखवताना त्यानं म्हटलं, "सदर खांब अनवधानाने चुकीच्या उंचीवर बसवला गेला व ती बाब कळवण्याचे राहून गेले." मी म्हटलं, अनवधान म्हणजे? म्हणाला, म्हणजे चुकून. मी म्हटलं, "खांब चुकून बसला. कळवायचं राहून नाही गेलं. मी गप्प बसले, आणि ते चुकून नाही. ते वेगळं लिहा."

"आजी, यानं तुमच्यावरच येईल."

"मग कुणावर यायला पाहिजे?"

त्यानं नवा कागद घेतला.

ओळख पटवायला कुणी नव्हतं. कारकून घड्याळ बघत होता, म्हणाला उद्या या. तेवढ्यात दारात सायकल लागल्याचा आवाज आला. तो आला, हाताला काळं तेल तसंच. माझ्याकडे बघितलं नाही. कारकुनाला म्हणाला, "मी ओळखतो यांना." कारकून म्हणाला, "किती वर्षांपासून?" तो म्हणाला, "जन्मापासून." मग कागद पुढं ओढला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. बंधाऱ्यावरचं आलं तिथं थांबला. परत पहिल्यापासून वाचला. सहीच्या जागी अंगठ्याचं तेल लागलंय, ते डाग समजून दुसरी प्रत मागू नकोस.

सही करून निघाला. दारातून मागे न बघता म्हणाला, "आजोबांचं लिहिलं नाही यात."

मी म्हटलं, अरे हो.

कारकून म्हणाला, "काय राहिलं?" मी म्हटलं, शेवटी एक ओळ घाला. तो म्हणाला, "हे कुणी विचारलेलं नाही, आजी. कचेरीचा प्रश्न खांबाबद्दल आहे." मी म्हटलं, "कुणी विचारलंच नाही, म्हणून तर अहवालात उलटं जाणार आहे." तो म्हणाला, जबाबाच्या साच्यात ते बसत नाही. मी म्हटलं, बसवा. मी खुर्चीतून उठणार नव्हते आणि त्याची जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे बसलं.

माझ्याबद्दल अहवालात काय लिहायचं ते तू ठरव. नाव घाल, गाळ, खोटं बोलणारी म्हण, तुझा हक्क आहे. तू परत लिहिणार नाहीस असं धरूनच मी हे लिहीत आहे. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या तारखेपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात दोन मिळव आणि शाळेची जमीन तेवढी उचलायला सांग. आणि डोळ्यांबद्दलचं तुझं वाक्य काढून त्या जागी जबाबातली शेवटची ओळ घाल, जशीच्या तशी, कारकुनाच्याच भाषेत:

"नोंदी घेणाऱ्या इसमास शस्त्रक्रियेनंतर सर्व पट्ट्या शेवटच्या दिवसापर्यंत स्पष्ट दिसत होत्या."

आजी